पेस्लिपवरचा ०टी एम१ आणि परत आलेले २,५१४ पौंड

युकेमध्ये नोकरी करणाऱ्या प्रत्येकाच्या पेस्लिपवर, नाव आणि एनआय (नॅशनल इन्शुरन्स, इथली सामाजिक विमा योजना) नंबराच्या आसपास कुठेतरी, एक टॅक्स कोड छापलेला असतो. बहुतेकांचा असतो १२५७एल. माझा होता ०टी एम१. एवढ्याशा फरकामुळे सहा पगारांत मिळून माझे २,५१४ पौंड जास्तीचे कापले गेले, म्हणजे त्या वेळच्या भावाने अडीच लाख रुपयांच्या वर. ते सगळे परत मिळाले, पेनी न् पेनी, आणि त्यासाठी कुणाला कमिशनही द्यावं लागलं नाही. पण ते कसे मिळाले, आणि मुळात विचारायलाच आपण का कचरतो, हे नीट लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं. आपल्याकडून इतक्या नर्सेस, केअरर, आयटीवाले इकडे येतात. पहिल्याच पगाराला ज्याला हे कळेल त्याचा मोठा मनस्ताप वाचेल.

मी मिरजेची. तिथल्या एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स होते. इकडच्या परीक्षांचा अभ्यास करायचा म्हणून २०२३ च्या फेब्रुवारीतच नोकरी सोडली. सप्टेंबरअखेर इंग्लंडमध्ये उतरले आणि २ ऑक्टोबरला मिडलंड्समधल्या एका खासगी नर्सिंग होममध्ये रुजू झाले. पगार वर्षाला ३०,००० पौंड, म्हणजे महिन्याला २,५००. रुजू होताना जो कागदांचा गठ्ठा भरून घेतात त्यात स्टार्टर चेकलिस्ट नावाचा एक फॉर्म असतो. इथल्या आधीच्या कंपनीकडून मिळणारा पी४५ हा कागद नव्या माणसाकडे नसतोच, म्हणून त्याऐवजी हा फॉर्म. त्यात ए, बी आणि सी अशी तीन विधानं असतात आणि आपल्याला लागू पडेल त्यावर खूण करायची असते. ए म्हणजे ६ एप्रिलपासूनची ही माझी पहिलीच नोकरी, मधल्या काळात बेकारभत्ता वगैरे काही घेतलेला नाही. बी म्हणजे आत्ता ही एकच नोकरी आहे, पण ६ एप्रिलनंतर आधी दुसरी होती. सी म्हणजे हिच्याबरोबर दुसरी नोकरी किंवा पेन्शनही चालू आहे. मी 'ए'वर खूण केली. माझे वडील तहसील कचेरीत होते, सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत ठेवायची हे आमच्या घरात लहानपणापासूनचं. त्यामुळे त्या फॉर्मचा फोटो मोबाईलमध्ये राहिला आणि पुढे तो कामी आला.

या तीन खुणांवर बरंच काही अवलंबून असतं. 'ए'वर खूण असेल तर कंपनीने १२५७एल लावायचा. बी असेल तर १२५७एल एम१. सी असेल तर बीआर, म्हणजे पहिल्या पौंडापासून सरसकट २० टक्के. आणि फॉर्मच नसेल तर ०टी एम१. माझा फॉर्म नर्सिंग होमच्या ऑफिसातून दुसऱ्या शहरातल्या पेरोलवाल्यांकडे पोचलाच नाही. एनआय नंबर यायलाही नोव्हेंबर उजाडला. पेरोलच्या दृष्टीने मी ना फॉर्म, ना नंबर अशी कर्मचारी होते आणि त्यांनी ०टी एम१ लावून टाकला.

पहिला पगार आला तेव्हा २,५०० मधून टॅक्सचे ५०० आणि नॅशनल इन्शुरन्सचे १७४ गेले होते. घरभाडं, बसचा पास, मिरजेला पाठवायचे पैसे, इकडे येण्यासाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता, या सगळ्यात ते ५०० फार जाणवले. इंग्लंडमध्ये टॅक्स जास्त असतो एवढं ऐकून होते, त्यामुळे असेल असंच, असं वाटलं. तरी डिसेंबरमध्ये मी ऑफिसात विचारलंच. उत्तर आलं की हा इमर्जन्सी कोड आहे, नव्या माणसाला लागतोच, आपोआप सुधारेल. जानेवारीत हातात २९ पौंड जास्त आले. सुधारायला लागलं असं कुणालाही वाटावं अशीच ती वाढ होती. प्रत्यक्षात त्या महिन्यात सरकारने नॅशनल इन्शुरन्सचा दर १२ टक्क्यांवरून १० वर आणला होता. टॅक्स होता तिथेच होता, ५००.

मार्चच्या पगाराच्या दिवशी रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत आम्ही दोघी स्टाफरूममध्ये बसलो होतो. दुसरी माझ्याच आठवड्यात रुजू झालेली, केरळमधल्या कोट्टायमची. तिला सगळ्या चेची, म्हणजे ताई, म्हणतात, मीही म्हणते. तिने जेवता जेवता मोबाईलवर पेस्लिप उघडली आणि विचारलं, या महिन्यात टॅक्स एवढा का कापला? मी बघितलं तर तिचा मार्चचा टॅक्स २९० पौंड. मग तिने मागच्या सगळ्या पेस्लिपा दाखवल्या. ऑक्टोबर शून्य. नोव्हेंबर शून्य. डिसेंबर शून्य, जानेवारीही शून्य. फेब्रुवारीत १९३. पगार माझ्याइतकाच, काम तेच, रुजू होण्याची तारीख तीच. मी माझा मोबाईल तिच्या मोबाईलशेजारी ठेवला. माझ्याकडे सहाही महिने त्या रकान्यात ५००.००. फरक फक्त कोडचा, तिचा १२५७एल.

चार महिने शून्य टॅक्स हे मला आधी खरंच वाटेना. तिचाच चुकला असेल आणि नंतर एकदम वसूल करतील अशी शंका आली. पण ते बरोबर होतं, आणि का बरोबर होतं ते नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखं आहे.

इथे वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंतच्या कमाईवर इन्कम टॅक्स नाही. याला पर्सनल अलाउन्स म्हणतात. कोडमधला १२५७ हा आकडा म्हणजे तीच रक्कम, शेवटचा अंक काढलेला. त्यापुढच्या ३७,७०० पौंडांवर २० टक्के, त्याच्या वर ४० टक्के. आता, तुम्ही ऑक्टोबरमध्ये या, जानेवारीत या, नाहीतर मार्चमध्ये या, इथले रहिवासी म्हणून तुम्हाला त्या वर्षाचा अलाउन्स पूर्ण मिळतो. सहाच महिने काम केलं म्हणून अर्धा करत नाहीत. साध्या १२५७एल कोडमध्ये हिशेब एप्रिलपासून साठत येतो. ऑक्टोबर हा टॅक्सवर्षाचा सातवा महिना, म्हणजे तोवर सात महिन्यांचा मिळून ७,३०० च्या वर अलाउन्स जमलेला असतो आणि पगार आलेला असतो एकच, २,५०० चा. टॅक्स शून्य. असं करत फेब्रुवारीत पगाराची बेरीज अलाउन्सच्या पुढे जाते आणि तिथून कपात सुरू होते. वर्षअखेर माझी कमाई १५,०००, त्यातून १२,५७० वजा, राहिले २,४३०, त्याचे २० टक्के ४८६ पौंड. वर्षाचा माझा टॅक्स एवढाच. कापले होते ३,०००.

०टी म्हणजे अलाउन्स शून्य. एम१ म्हणजे प्रत्येक महिना सुटा धरायचा, मागचं काही बघायचं नाही. आठवड्याचा पगार असेल तर तिथे डब्ल्यू१ दिसतो, काही ठिकाणी नुसता एक्स असतो. यातला एम१ फार फसवा आहे. समजा माझा कोड १२५७एल एम१ असता, तर सुरुवातीचे आकडे बरोबर बघून कुणीही म्हणालं असतं की ठीक आहे. पण एप्रिल ते सप्टेंबरचा न वापरलेला अलाउन्स त्यात वाया जातो, आणि माझ्या पगारावर तरीही साडेबाराशे पौंडांच्या वर जास्त कापले गेले असते. म्हणून नव्या माणसाने कोड शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावा. स्कॉटलंडमध्ये राहत असाल तर कोडच्या सुरुवातीला एस लागतो, वेल्समध्ये सी, ते ठीकच आहे. दुसरी नोकरी असेल, एजन्सीच्या शिफ्टा करत असाल, तर त्या दुसऱ्या पेस्लिपवर बीआर असणंही बरोबर असतं, कारण अलाउन्स पहिल्या नोकरीत वापरला जातो. बीआर एकुलत्या एका नोकरीवर दिसला तर मात्र विचारायलाच हवं.

त्या रात्री मी घरी येऊन रूममेटला हे सांगितलं. ती सोलापूरची, एका केअर होममध्ये केअरर, माझ्याआधी वर्षभर आलेली. ती म्हणाली, "सांभाळून गं. स्पॉन्सर आहेत ते आपले. पगारावरून बोलायला लागलीस तर मनात धरतील."

यावर मी खूप विचार केला आहे आणि अजूनही करते, कारण ही भीती पोकळ नाही. आपला व्हिसा कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर असतो. नोकरी गेली तर नवी शोधायला थोडकेच दिवस मिळतात. मागे घरी कर्ज असतं, लहान मुलं सासूबाईंकडे ठेवलेली असतात. अशा वेळी बाई सुट्टी मागायलाही दोनदा विचार करते, तिथे पैशांचं काय बोलणार? मी पाहिलेल्या कितीतरी जणी याच भीतीने गप्प राहिल्या. पण या भीतीत एक गोष्ट निसटते. जास्तीचा टॅक्स कंपनीने स्वतःकडे ठेवलेला नसतो, तो एचएमआरसीकडे, म्हणजे इथल्या आयकर खात्याकडे भरलेला असतो. परत येणार तो तिथून. कंपनीचं एका पौंडाचंही नुकसान त्यात नाही. कोड दुरुस्त करायचा अधिकारही एचएमआरसीचा आहे, कंपनीला फक्त आलेला कोड लावायचा असतो. म्हणजे टॅक्स कोडबद्दल विचारणं ही कंपनीविरुद्ध तक्रार होतच नाही. तो आपला आणि आयकर खात्याचा व्यवहार आहे. हे मला कुणी ऑक्टोबरमध्ये सांगितलं असतं तर मी डिसेंबरच्या त्या उत्तरावर थांबले नसते.

तोवर ५ एप्रिल उलटून गेला होता. इथलं टॅक्सवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं, आपल्यासारखं १ एप्रिलला नाही. ही विचित्र तारीख कुठून आली तर पूर्वी इथलं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, १७५२ साली कॅलेंडर बदलताना ११ दिवस गाळले, आणि महसूल बुडू नये म्हणून वर्षाची सुरुवात तेवढीच पुढे ढकलली. १८०० साली आणखी एक दिवस. मला हा इतिहास वाचायला आवडला, पण माझ्यासाठी ती तारीख महत्त्वाची होती ती वेगळ्या कारणाने. वर्ष संपायच्या आत कोड सुधारला असता तर जास्तीचे पैसे पुढच्या पगारातच परत आले असते. वर्ष संपल्यावर कंपनीला मागच्या वर्षाला हात लावता येत नाही. मग मागच्या वर्षाचा हिशेब एचएमआरसीनेच करायचा.

आपल्याकडची सवय अशी की टीडीएस जास्त कापला तर जुलैत रिटर्न भरू, रिफंड येईल. इथे पगारदार माणूस बहुधा रिटर्न भरतच नाही, पीएवायई, म्हणजे पगारातूनच टॅक्स कापायच्या पद्धतीत, सगळं कंपनीमार्फतच होतं. त्यामुळे रिटर्न भरताना चूक लक्षात येईल अशी जागाच नाही. स्वतःच बघावं लागतं.

ऑनलाइन खातं उघडायचा प्रयत्न आधी केला. ओळख पटवण्यासाठी ते ब्रिटिश पासपोर्ट, इथलं लायसन्स, पेस्लिप किंवा पी६० (वर्षअखेर कंपनी देते तो पगार आणि टॅक्सचा दाखला), नाहीतर आपल्या क्रेडिट रेकॉर्डवरचे प्रश्न विचारतात. सहा महिन्यांच्या नवख्या माणसाकडे पेस्लिप असली तरी क्रेडिट रेकॉर्ड ते काय असणार. तिथे अडलं, तेव्हा फोन केला. सुट्टीचा दिवस निवडला आणि सकाळी आठला लाइन सुरू होताच लावला, तरी बराच वेळ ताटकळावं लागलं. समोर एनआय नंबर, पत्ता, मोबाईलमधला तो फॉर्मचा फोटो आणि सगळ्या पेस्लिपा मांडून बसले होते. फोन घेणारी बाई शांतपणे एकेक विचारत गेली. नाव, जन्मतारीख, पत्ता, कुठे काम करता, कधीपासून. मग म्हणाली की तुमच्या नोकरीची नोंद एनआय नंबराशिवाय आली होती, ती तुमच्या नावाला जोडलेलीच नाही. मी सांगितलं की रुजू होताना विधान 'ए'वर खूण केली होती, ६ एप्रिल २०२३ नंतरची ही पहिलीच नोकरी, याआधी युकेत कधी काम केलेलं नाही. तिने तिथल्या तिथे नोंद जोडली आणि सांगितलं की नवा कोड तुमच्या कंपनीला कळवतो, तुम्हालाही पत्र येईल. मागच्या वर्षाचं विचारलं तर म्हणाली, सगळ्या कंपन्यांचे वर्षाचे आकडे आले की जूनपासून नोव्हेंबरपर्यंत आम्ही हिशेबाची पत्रं पाठवतो, त्यात तुमचं येईल. पत्ता बदलला तर मात्र कळवा.

फोन ठेवला तेव्हा पोटातला गोळा गेला होता. मी इंग्रजी बोलताना अडखळते. फोनवर तर समोरच्याचे ओठही दिसत नाहीत. पण त्या बाईने एकदाही घाई केली नाही, आणि जे समजलं नाही ते मी परत विचारलं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण कित्येक जणी फोनच्या भीतीनेच थांबतात.

नर्सिंग होममधल्या मॅनेजरबाईंनाही दुसऱ्या दिवशी सांगितलं. रूममेट जे म्हणाली होती ते डोक्यात होतंच. पण बाईंनी पेस्लिप बघितली, कपाळाला हात लावला आणि माझ्यासमोरच पेरोलला फोन केला. एचएमआरसीकडून कोड आला की लगेच लावतो असं पेरोलने सांगितलं.

एप्रिलच्या पगाराला अजून ०टीच होता, ५०० गेलेच. मेमध्ये १२५७एल आला. त्या पेस्लिपवरचा टॅक्सचा आकडा बघून मी एकदम थबकले: ८० पौंडांच्या आसपास. दोन महिन्यांचा खरा टॅक्स मिळून ५८० च्या आसपास होत होता, त्यातले ५०० एप्रिलमध्ये भरून झाले होते, उरले ८०. म्हणजे चालू वर्षातली चूक पगारातच, एका महिन्यात, कुठलाही अर्ज न करता सरळ झाली. जूनपासून नियमाने २९० च्या आसपास.

मेअखेर पी६० मिळाला. आपल्या फॉर्म १६ सारखा, ३१ मेपर्यंत कंपनीला द्यावाच लागतो. एका पानाचा कागद: या नोकरीतला पगार १५,०००.००, कापलेला टॅक्स ३,०००.००, टॅक्स कोड ०टी एम१. पगार आणि टॅक्स एकाखाली एक छापलेले बघून मला पहिल्यांदा खरा राग आला. कमाईचा पाचवा हिस्सा गेला होता. तो पी६० मी फाइलला लावला. हा कागद कधीही टाकू नये, घर घेताना, व्हिसा वाढवताना, सगळीकडे मागतात.

जूनमध्ये दोन वेगळेच अनुभव आले. एक म्हणजे मोबाईलवर मेसेज: तुमचा टॅक्स रिफंड मंजूर झाला आहे, खालच्या लिंकवर बँकेची माहिती भरा. मी खरोखरच रिफंडची वाट बघत होते, त्यामुळे क्षणभर बोट तिकडे गेलंच. एचएमआरसी रिफंडची माहिती मेसेजने किंवा ईमेलने लिंक पाठवून कधीच देत नाही. असा मेसेज ६०५९९ या नंबरवर पुढे पाठवून द्यायचा, तो नंबर त्यासाठीच ठेवलेला आहे. दुसरं म्हणजे आमच्याकडच्या एका केअररने तिच्या ओळखीतल्या एका कंपनीचं नाव सुचवलं, फॉर्म भरून द्या, बाकी सगळं ते बघतात. त्यांची अटींची पानं मी शिफ्ट संपल्यावर बसून वाचली. मिळणाऱ्या रिफंडमधला मोठा वाटा त्यांचा, वर व्हॅट. जे काम एका फोनने आणि एका पत्राने होतं, त्याचे एवढे पैसे? एचएमआरसीकडे दावा करायला फी नाही. ज्यांना खरंच गुंतागुंतीचा हिशेब आहे त्यांनी हिशेबनीस जरूर गाठावा, पण चुकीच्या कोडसाठी नाही.

जुलैत पत्र आलं. पी८००. पातळ खाकी पाकीट, एचएमआरसीचा शिक्का. आत एका तक्त्यात सगळा हिशेब मांडलेला होता. पगार १५,०००. वजा पर्सनल अलाउन्स १२,५७०. टॅक्स लागू रक्कम २,४३०. त्यावर २० टक्क्यांनी ४८६. भरलेला टॅक्स ३,०००. जास्त भरलेला २,५१४. मी पी६० शेजारी ठेवून प्रत्येक ओळ ताडून बघितली. ते करायलाच हवं, कारण पत्रातही चूक असू शकते आणि जास्त मिळालेले पैसे नंतर परत द्यावे लागतात. २,५१४ हा आकडा नीट बघितला तर तो १२,५७० चे बरोबर २० टक्के आहे. म्हणजे माझा अख्ख्या वर्षाचा अलाउन्स, एक पौंडही न वगळता, कापला गेला होता.

पूर्वी पी८०० आला की थोड्या दिवसांनी चेक आपोआप घरी यायचा. २०२४ च्या ३१ मेपासून ते बंद झालं. आता पत्र नुसतं ठेवून दिलं तर पैसे येत नाहीत, आपण मागावे लागतात. पत्रावर दिलेला संदर्भ क्रमांक आणि एनआय नंबर घालून सरकारच्या वेबसाइटवर दावा करता येतो, किंवा फोन करून चेक मागवता येतो. जुन्या माणसांचा सल्ला ऐकून पत्र ड्रॉवरमध्ये टाकलेले लोक मी पाहिले आहेत, म्हणून हे ठळकपणे सांगते. मी जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवरून दावा केला. ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करून गेले, कुठल्या लिंकवरून नाही. बँकेचा खातेनंबर, सॉर्ट कोड (बँकेच्या शाखेचा कोड), झालं. कामाचे पाच दिवस सांगितले होते, त्याच्या आतच पैसे खात्यात जमा झाले. त्यातून कर्जाचे उरलेले हप्ते एकरकमी फेडले. आईला फोनवर आकडा सांगितला तर तिने आधी विचारलं, "सरकारनं परत दिले? स्वतःहून?"

एकदा कोड वाचायची सवय लागली की पुढची दारंही दिसतात. नर्सला युनिफॉर्म धुण्यासाठी वर्षाला १२५ पौंडांची ठरावीक सूट मिळते, आणि एनएमसीची, म्हणजे इथल्या नर्सेसची नोंदणी करणाऱ्या संस्थेची, वार्षिक फी (तेव्हा १२० पौंड) स्वतः भरत असाल तर तीही टॅक्समधून वजा होते. दोन्ही मिळून २४५. माझा कोड त्यामुळे १२८१एल झाला. वर्षाला ४९ पौंड वाचतात, फार नाहीत, पण आपले आहेत. जे कायमचे भारतात परत जातात त्यांनी पी८५ फॉर्म भरावा. वर्षाच्या मध्ये गेलेल्या माणसाचाही अलाउन्स पूर्ण वर्षाचाच असतो, त्यामुळे बहुतेकांना काहीतरी परत मिळतंच.

राहिली माझी रूममेट. ती नोव्हेंबर २०२२ मध्ये रुजू झाली होती, महिन्याला १,८०० पौंडांवर. मार्चपर्यंत पाच पगार, एकूण कमाई ९,०००. अलाउन्सच्या आतच, म्हणजे त्या वर्षाचा टॅक्स शून्य असायला हवा. तिच्या त्या वर्षीच्या पेस्लिपा काढायला लावल्या तर प्रत्येकीवर १२५७एल एम१, आणि दर महिन्याला दीडशे पौंड कापलेले. तिला पी८०० मिळालाच नव्हता, कारण मधल्या काळात तिने दोनदा घर बदललं होतं आणि एचएमआरसीकडे पहिलाच पत्ता होता. मागच्या वर्षांचा दावा ते वर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत करता येतो. २०२२-२३ साठी ५ एप्रिल २०२७ पर्यंत. तिच्याकडे वेळ होता. मी शेजारी बसले, फोन तिनेच केला. पत्ता बदलून घेतला, त्या वर्षाचा हिशेब मागितला, आणि काही आठवड्यांनी पत्र आलं: ७५१ पौंड. तिने लगेच दावा केला आणि पैसे आले. तिच्या मॅनेजरला यातलं काहीही कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं.